प्लॅनिंग कमिटी अर्ज कसा ठरवते: इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

एक दिवस दारातल्या फटीतून कौन्सिलचं पाकीट आत पडतं. शेजाऱ्यांनी घरामागे दुमजली बांधकामासाठी अर्ज केलाय, तुमचं म्हणणं 21 दिवसांत कळवा. नवीन माणूस मग दोनपैकी एक करतो. एक तर "यांचं आधीच ठरलेलं असणार, आपल्याला कोण विचारतंय" म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतो, नाहीतर दारोदार फिरून सह्या गोळा करतो.

मी दुसरं केलं होतं. चाळीसेक सह्या जमवल्या. अर्ज ठरवणाऱ्या कौन्सिलरांच्या प्लॅनिंग कमिटीपुढच्या अहवालात त्यांना एक ओळ मिळाली: "एक निवेदन प्राप्त." त्याच अर्जावर पलीकडच्या आजींनी एका पानाचं पत्र लिहिलं होतं, त्यावर मात्र अहवालात दोन परिच्छेद होते. त्या रात्री जे कळलं, ते आधी कळायला हवं होतं. कमिटी डोकी मोजत नाही, मुद्दे तपासते, आणि कुठले मुद्दे तपासायचे हे कायद्याने आखून दिलेलं असतं.

पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

अर्ज कुठल्या कौन्सिलकडे आहे ते पाहा

लंडनमध्ये बरो कौन्सिल, काही शहरांत आणि परगण्यांत एकच युनिटरी कौन्सिल, आणि जिथे दोन थर आहेत तिथे डिस्ट्रिक्ट कौन्सिल घरांचे अर्ज ठरवते. काउंटी कौन्सिलकडे खाणी, कचरा प्रकल्प आणि त्यांच्या स्वतःच्या शाळांसारखी कामं. नॅशनल पार्कच्या हद्दीत पार्कचं स्वतंत्र प्राधिकरण. गावातली पॅरिश कौन्सिल मात्र फक्त मत देते, निर्णय देत नाही. तिथे दोन तास भांडून "अर्ज फेटाळला" अशा समजुतीत घरी गेलेले लोक मी पाहिलेत.

मग अर्जाचा प्रकार बघा. सगळ्याच बांधकामाला परवानगी लागत नाही. जोडघराला मागे 3 मीटर आणि सुट्या घराला 4 मीटरपर्यंतचं एकमजली एक्स्टेन्शन, बाकीच्या अटी पाळल्या तर, परवानगीशिवाय होऊ शकतं. याला 'परमिटेड डेव्हलपमेंट' म्हणतात. कोणी फक्त 'हे परमिटेड आहे' असं प्रमाणपत्र मागत असेल तर प्रश्न मोजमापाचा असतो, तिथे आवडनिवडीला जागाच नाही. वाया जाणारी संध्याकाळ वाचवायची तर अर्जाच्या शीर्षकातले शब्द नीट वाचा.

अर्ज कमिटीपुढे जाणार आहे का?

बहुतेक अर्ज कमिटीपुढे जातच नाहीत. दहातले नऊपेक्षा जास्त अर्ज अधिकारीच निकाली काढतात. कौन्सिलने त्यांना तसे अधिकार दिलेले असतात, आणि कुठले अर्ज कमिटीकडे जायचे हे कौन्सिलच्या घटनेत, म्हणजे तिच्या नियमावलीत, 'स्कीम ऑफ डेलिगेशन' या भागात लिहिलेलं असतं. तो भाग रटाळ आहे, पण वाचायचा हाच.

साधारण वाटा अशा: मोठा प्रकल्प, कौन्सिलचा स्वतःचा अर्ज, एखाद्या कौन्सिलरचा किंवा अधिकाऱ्याचा अर्ज, काही ठिकाणी ठरावीक संख्येपेक्षा जास्त हरकती आलेला अर्ज. आणि तुमच्याआमच्या कामाची वाट म्हणजे तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरने तो अर्ज 'कॉल इन' करणं. त्याला मुदत असते आणि प्लॅनिंगचं कारण लिहून द्यावं लागतं. "माझे मतदार नाराज आहेत" हे कारण चालत नाही. म्हणून कौन्सिलरला मेल लिहिताना तक्रारीबरोबर कारणही तयार करून द्या, आणि पहिल्या आठवड्यातच लिहा.

इथे एक बारकावा आहे. तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर प्लॅनिंग कमिटीवर असेल तर त्याला आधीच शब्द द्यायला लावू नका. कमिटीवरच्या माणसाने मोकळ्या मनाने बैठकीला यायचं असतं. 2011 च्या लोकॅलिझम कायद्यानुसार त्याने पूर्वी काही मत मांडलं होतं एवढ्यावरून त्याचं मन बंद होतं असं धरत नाहीत. पण "काहीही झालं तरी मी विरोधात मत देणार" असं जाहीर बोलून बसला तर निर्णयच धोक्यात येतो. असे कौन्सिलर मग मतदानातून बाजूला होतात आणि वॉर्डातर्फे बोलतात. म्हणजे तुम्ही हक्काचं एक मत गमावून एक भाषण मिळवलं. वॉर्डात दोन-तीन कौन्सिलर असतील तर कमिटीवर नसलेल्याला आधी गाठा.

आणि दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन कौन्सिलरच्या दारी जाऊ नका. तुमचा हेतू निर्मळ असेल, पण अर्ज चालू असताना त्या डब्याने त्या माणसाची पंचाईत होते.

निर्णयाची मुदत लहान अर्जाला 8 आठवडे आणि मोठ्याला 13; दहा किंवा जास्त घरं असली की अर्ज 'मेजर' ठरतो. अर्जदाराच्या संमतीने ती वाढवता येते आणि ती सर्रास वाढते, त्यामुळे दोन महिने झाले तरी काहीच हललं नाही म्हणून गाफील राहू नका.

पत्र: सगळं यावर आहे

2004 च्या प्लॅनिंग अँड कम्पल्सरी पर्चेस कायद्याचं कलम 38, पोटकलम 6 हे सगळ्या यंत्रणेचं बीज आहे. त्याचा मथितार्थ असा: निर्णय त्या भागाच्या मंजूर विकास आराखड्यानुसारच द्यायचा, 'मटेरियल कन्सिडरेशन्स', म्हणजे प्रस्तुत मुद्दे, वेगळं सुचवत नसतील तर. आराखडा म्हणजे प्रामुख्याने कौन्सिलचा लोकल प्लॅन. लंडनमध्ये लंडन प्लॅनही. कुठे गावाने मतदान घेऊन मंजूर केलेला नेबरहुड प्लॅनही. राष्ट्रीय धोरणाचा एनपीपीएफ हा दस्तऐवज 2012 पासून आहे आणि त्यात वारंवार बदल होतात, म्हणून कुणी जुना परिच्छेद क्रमांक सांगितला तर ताजी प्रत उघडून पाहा.

प्रस्तुत काय धरतात? खिडकीतून तुमच्या घरात किंवा बागेत थेट दिसणं, उजेड अडणं, भिंतीचा दबाव वाटेल इतकी उंची आणि जवळीक, रस्त्याची सुरक्षितता, पार्किंग, वापरातून होणारा आवाज, रचना आणि आजूबाजूच्या घरांशी मेळ, झाडं, पुराचा धोका, संरक्षित इमारती, त्याच जागेचे पूर्वीचे निर्णय.

अप्रस्तुत काय? तुमच्या घराची किंमत उतरणं. खिडकीतून दिसणारा देखावा जाणं. बांधकामाच्या काळातली धूळ आणि ड्रिलचा आवाज. शेजारी उद्धट आहे, त्याने मागे कुंपण सरकवलं होतं, हे. घराच्या कागदपत्रांतला खाजगी करार, म्हणजे कव्हेनंट. सामाईक भिंतीचा प्रश्न 1996 च्या पार्टी वॉल कायद्यात सुटतो, पाया आणि तुळया बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये. प्लॅनिंग कमिटीत नाही. देखावा आणि उजेड यांतला फरक पहिल्यांदा ऐकताना अन्यायाचाच वाटतो: टेकडी दिसेनाशी झाली तर कुणाला देणंघेणं नाही, पण जेवणाच्या खोलीत अंधार झाला तर आहे. पण फरक तसाच आहे.

त्या आजींचं पत्र मी नंतर कौन्सिलच्या संकेतस्थळावर वाचलं. माझ्या निवेदनात होतं, "या अवाढव्य बांधकामामुळे आमचं जगणं अशक्य होईल." आजींनी लिहिलं होतं त्याचा आशय असा: माझ्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. तिच्या मध्यापासून 45 अंशांत रेघ काढली तर नव्या भागाचा वरचा मजला ती रेघ ओलांडतो. कौन्सिलच्या रचना मार्गदर्शिकेत ही चाचणी दिली आहे. नकाशावर रेघ काढून सोबत जोडली आहे. शिवाय बाजूच्या भिंतीतली वरची खिडकी माझ्या बागेपासून अमुक अंतरावर आहे, तिला दुधी काच घालावी.

बस. एका पानात एक धोरण, एक मोजमाप, एक चित्र आणि एक मागणी. 45 अंशांची चाचणी पुष्कळ कौन्सिल वापरतात, सगळ्या नव्हे. तुमची काय वापरते ते तिच्या मार्गदर्शिकेत सापडेल. लोकल प्लॅनमधल्या संबंधित धोरणाचा क्रमांक शोधायला अर्धा तास लागतो. ते जड वाटत असेल तर शेजारच्या रस्त्यावरच्या तशाच अर्जाचा जुना अहवाल उघडा, त्यात अधिकाऱ्यानेच सगळे क्रमांक लिहिलेले असतात.

पत्र सहसा नाव-पत्त्यासह सगळ्यांना वाचता येतं, शेजाऱ्यालाही. निनावी पत्राला जवळजवळ किंमत नसते. शेजाऱ्याच्या वंशावर, धर्मावर किंवा कुटुंबावर घसरलेलं पत्र बाजूला काढतात, आणि ते योग्यच आहे. पाठिंब्याचं पत्रही लिहिता येतं. ते फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून उठून दिसतं.

तुम्हीच अर्जदार असाल तर

शेजाऱ्याला कौन्सिलच्या पाकिटातून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. नकाशा घेऊन चहाला जा. घराच्या विस्ताराच्या अर्जाची फी एप्रिल 2025 मध्ये 258 पौंड झाली. फेटाळलेला किंवा मागे घेतलेला अर्ज वर्षभरात फुकट पुन्हा करण्याची पूर्वीची सोय डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे 'बघू तरी टाकून' हा प्रकार महागात पडतो. केस ऑफिसरला, म्हणजे तुमचा अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला, मधूनच विचारा, अर्ज कुठे अडतोय. एखादी खिडकी हलवून काम होत असेल तर अहवाल लिहिला जाण्याआधीच ते होऊ शकतं.

अहवाल वाचताना

बैठकीच्या पाच पूर्ण कामकाजी दिवस आधी अजेंडा आणि अधिकाऱ्याचा अहवाल जाहीर व्हावा लागतो. तो दिवस कॅलेंडरमध्ये मांडून ठेवा. अहवालाच्या सुरुवातीला शिफारस असते, मंजुरी किंवा नकार. लोक ती वाचून खूश किंवा हताश होऊन फाइल बंद करतात. खरा मजकूर शेवटाकडे असतो, जिथे अधिकारी मुद्द्यांना 'वजन' देतो: या हानीला 'मर्यादित' वजन, त्या फायद्याला 'भरीव' वजन. एखादा मुद्दा प्रस्तुत आहे की नाही हा कायद्याचा प्रश्न. पण त्याला वजन किती द्यायचं हे ठरवणं कमिटीच्या हातात असतं. म्हणून अधिकाऱ्याने 'मर्यादित' म्हटलेल्या हानीला जास्त वजन का द्यावं, हे सांगण्यात बैठकीत बोलायला मिळणारी तुमची तीन मिनिटं खर्ची घालायची.

मोठ्या गृहप्रकल्पांत एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते. शेकडो हरकती, आराखड्याशी विसंगती, तरी शिफारस मंजुरीची! कारण बहुधा असं असतं की त्या कौन्सिलकडे पुढच्या पाच वर्षांच्या घरबांधणीला पुरेल इतकी जमीन दाखवता येत नाही. तसं झालं की राष्ट्रीय धोरणानुसार तराजू मंजुरीकडे झुकतो. तोटे फायद्यांपेक्षा 'लक्षणीय आणि उघडपणे' जास्त आहेत असं दाखवता आलं, किंवा वारसा इमारती, पूर अशा संरक्षित बाबींत नकाराला सबळ कारण असलं, तरच नकार टिकतो. अहवालात 'टिल्टेड बॅलन्स' हे शब्द दिसले तर आपला मुद्दा त्या कसोटीला लावून बघा. फक्त "आराखड्याविरुद्ध आहे" म्हणून भागणार नाही.

अहवालात चूक सापडली, उदाहरणार्थ तुमची खिडकी नकाशात दाखवलेलीच नाही, तर बैठकीची वाट न पाहता केस ऑफिसरला लगेच लिहा. ती दुरुस्ती 'अपडेट शीट'मध्ये येते. बैठकीच्या दिवशीच हे पुरवणी पान निघतं आणि कधी कधी शिफारसही बदलते. निघण्यापूर्वी ते नक्की उघडा.

तीन मिनिटं

बैठक बघायला कोणीही जाऊ शकतं, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. बोलण्याचं तसं नाही. तो प्रत्येक कौन्सिलच्या नियमांचा भाग. बहुतेक ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, मुदत चुकली की संधी गेली. वेळ साधारण तीन मिनिटांचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी सगळ्या हरकतदारांना मिळून तेवढाच. पाच जण असाल तर आदल्या दिवशी भेटून एकाला नेमा.

आपल्याकडे तीन मिनिटांत व्यासपीठावरच्यांची नावंसुद्धा घेऊन होत नाहीत. इथे दिवा लाल होतो किंवा घंटा वाजते आणि चेअर "थँक यू" म्हणतात. लिहून काढा, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. साधारण चारशे शब्दांच्या आतच राहा. पत्र पुन्हा वाचून दाखवू नका, ते अहवालात आलंय. दोन मुद्दे घ्या. पहिल्या वाक्यात कोण आणि कुठे राहता, शेवटच्या वाक्यात काय हवंय: नकार, जागेची पाहणी, की अमुक अट. इंग्रजी उच्चारांची लाज वाटून गप्प राहू नका. कागदावरून सावकाश वाचलेलं भाषण तिथे नेहमीचं असतं. अगदीच नको असेल तर मुलगी, मित्र, शेजारी तुमच्या वतीने बोलू शकतात का, ते नाव नोंदवतानाच विचारा.

त्या संध्याकाळी

चेअरच्या एका बाजूला कायदेशीर सल्लागार आणि दुसऱ्या बाजूला प्लॅनिंग अधिकारी. सुरुवातीला हितसंबंध जाहीर करण्याचा भाग. कोणी सांगतं, अर्जदार माझ्या नात्यातला आहे, मी बाहेर जाते. मग एकेक अर्ज. अधिकारी नकाशे आणि फोटो दाखवतो, हरकतदार बोलतात, पॅरिशचा प्रतिनिधी, वॉर्ड कौन्सिलर, आणि मग अर्जदार किंवा त्याचा एजंट. क्रम ठिकाणानुसार बदलतो. त्यानंतर कौन्सिलरांचे प्रश्न आणि चर्चा. आता तुमचं तोंड बंद. कोणी धडधडीत चुकीचं बोललं तरी गॅलरीतून ओरडायचं नाही. मला ते भारी गेलं.

चर्चेनंतर एक जण प्रस्ताव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, हात वर होतात. समसमान झाले तर चेअरचं निर्णायक मत. पक्षाचा आदेश इथे चालू नये असा संकेत आहे, आणि एकाच पक्षाचे लोक एकमेकांविरुद्ध हात वर करताना दिसतात तेव्हा पहिल्यांदा जरा आश्चर्य वाटतं.

निकाल चार तऱ्हांचा असू शकतो. अटींसह मंजुरी. कलम 106 चा करार होईपर्यंत अधांतरी मंजुरी, ज्यात परवडणारी घरं, शाळा, रस्ते यांसाठीचे पैसे किंवा कामं बांधून घेतात. नकार. किंवा पुढे ढकलणं, बहुतेकदा जागेच्या पाहणीसाठी.

कमिटी अधिकाऱ्याच्या शिफारशीविरुद्ध जाऊ शकते. ती सल्ला ऐकायला बांधील आहे, मानायला नाही. पण तेव्हा खोली एकदम सावध होते. सल्लागार माईक ओढून विचारतो, "कारण काय लिहायचं?" नकाराचं कारण धोरणाला धरून नसेल आणि पुढे अपिलात कौन्सिलचं वागणं अवाजवी ठरलं, तर समोरच्याचा खर्च कौन्सिलला भरावा लागू शकतो. उलट बाजूही आहे. डोव्हर डिस्ट्रिक्ट कौन्सिलने संरक्षित निसर्गरम्य भागातल्या पाचशेहून जास्त घरांना अधिकाऱ्यांच्या सल्ल्याविरुद्ध परवानगी दिली होती. पुरेशी कारणं दिली नाहीत म्हणून ती रद्द झाली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणूनच तुमच्या पत्रात तयार, टिकाऊ कारण असेल तर बिचकणाऱ्या कौन्सिलरला ते आयतं हाताशी सापडतं.

नंतर

हात वर झाले म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. लेखी निर्णयपत्र निघतं तेव्हा ती मिळते, आणि मुदती त्या तारखेपासून मोजतात. अर्ज फेटाळला गेला तर घरमालकाला विस्ताराच्या अर्जासाठी 12 आठवड्यांत, इतर बहुतेक अर्जांना सहा महिन्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे अपील करता येतं.

हरकतदाराला अपील नाही. नवीन माणसाला हे सगळ्यात जास्त बोचतं. मंजुरी झाली तर उरतो फक्त न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग. मुदत सहा आठवडे, खर्च मोठा, आणि न्यायाधीश निर्णय चांगला होता की वाईट हे बघत नाहीत, प्रक्रिया कायद्याला धरून होती का एवढंच बघतात. लोकपालाकडे कारभारातल्या चुकीची तक्रार करता येते, पण तो परवानगी रद्द करू शकत नाही.

म्हणून मंजुरी अटळ दिसत असेल तर नकाराचा हट्ट सोडून अटी मागा. कामाचे तास, दुधी काच, न उघडणारी खिडकी, झाडाभोवती कुंपण, सपाट छताचा गच्चीसारखा वापर करायला बंदी. निर्णयपत्र उतरवून घ्या, अटींचे क्रमांक लिहून ठेवा. काम सुरू करायला सहसा तीन वर्षांची मुदत असते, तोवर पत्र कुठे गेलं ते आठवत नाही. अट मोडली तर कौन्सिलच्या एन्फोर्समेंट विभागाला अट क्रमांक आणि फोटो पाठवा.

आमच्या शेजारचा अर्ज त्या रात्री मंजूर झाला, सात विरुद्ध तीन. पण वरचा मजला थोडा आत घ्यायला लावला होता, सुधारित नकाशे बैठकीआधीच आले होते. अट क्रमांक 4 मध्ये बाजूच्या खिडकीला दुधी काच लागली. दोन्ही गोष्टी आजींच्या पत्रातल्या होत्या. माझ्या चाळीस सह्यांतली एकही अट आली नाही, कारण मी एकही मागितली नव्हती.